गाडीत राहिलेल्या वस्तू

लोकांचे किस्से डोक्यात साठतात, माझे छापील रकान्यात साठलेत! भाड्याची गाडी परत आली की आम्ही एक कागद भरतो. किलोमीटर किती, डिझेल किती, नवा ओरखडा कुठे, आणि सगळ्यात खाली शेवटचा रकाना, ‘गाडीत राहिलेल्या वस्तू’. कुणाची छत्री, कुणाचा चष्मा, कुणाचा चार्जर विसरला तर लिहून ठेवायचा, एवढाच त्याचा उद्देश. पण आमच्या गिऱ्हाइकांनी त्या रकान्याचं जे काही केलंय ना, ते कुठल्या ऑफिसात दाखवायची सोय नाही.

मी मंदा, मोरिवलीची. अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या वेशीवर एक कापड गिरणी होती. ती बंद पडली, त्याआधी मी तिच्या टाइम ऑफिसात होते, कामगारांची हजेरी लावायचे. आता गिरणीच्या एका शेडमध्ये गोपसेठचं यार्ड आहे, आणि गेली बारा वर्षं मी तिथल्या खिडकीत बसते. आठ व्हॅन आहेत. दोन दिवस, आठवडा, फार तर महिनाभर भाड्याने द्यायच्या. चालक तुमचा, डिझेल तुमचं, गाडी आमची.

गोपसेठ उल्हासनगरचे सिंधी. मला ‘अदी’ म्हणतात, म्हणजे ताई. माणूस सोन्यासारखा, फक्त सकाळी साडेदहाच्या आधी बोलायचं नाही.

गेल्या थंडीत सेठना एक मोठी ऑफर आली. घरपोच सामान पोचवणारी कंपनी, तिला आठही गाड्या हव्या होत्या, सलग तीन वर्षांसाठी. आधी एक गाडी तीन आठवडे ट्रायलवर नेणार, आणि ती परत आणतील त्या सोमवारी सेठनी करारावर सही करायची. सही झाली की दोन दिवसांची, आठवड्याची गिऱ्हाइकं बंद. खिडकीही बंद, आणि खिडकीतली मंदाही. सेठ सत्तरीचे, गुडघे दुखतात, मुलगा फोनवर रोज सांगतो, “पप्पा, साइन कर दो, आराम करो.” त्यांना चूक तरी कसं म्हणायचं?

ते तीन आठवडे मी जुने कागद चाळत बसले होते. त्यातलेच हे काही.

*

सगळ्याला सुरुवात केली जांभूळच्या पांडूकाकांनी. मुलीच्या लग्नाचं सामान न्यायला चार दिवस व्हॅन नेली होती. गाडी परत आणली, किल्ली दिली आणि चालू लागले. मी दार उघडून बघते तर ड्रायव्हरशेजारच्या सीटवर हा एवढा लाल भोपळा! त्याला सीटबेल्टही लावलेला!

मी धावले. “काका, भोपळा विसरलात!”

“इसरलो नाय गो बाय. शेजारनीचा डबा तू रिकामा परत देतंस का?”

आता हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. शेजारचा डबा, वाटी, ताट आपल्याकडे आलं की परत देताना त्यात काहीतरी घालायचं, निदान चिमूटभर साखर तरी. मला पटलं. पण सेठ बाहेर आले होते, आणि वाजले होते सव्वादहा.

“अरे काका, ये गाडी है! डब्बा थोडी है!”

काका वळले. आमच्या बंद बॉडीच्या पांढऱ्या व्हॅनकडे त्यांनी पुढून, मागून नीट पाहिलं.

“चार चाकं लावली म्हनून काय झाला, सेठ? डबाच हाय ना!”

सेठनीही गाडीकडे पाहिलं.  त्या दिवशी मी शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘लाल भोपळा, १’.

*

ही गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागणार? आमची निम्मी गिऱ्हाइकं एकमेकांच्या ओळखीतली. पुढच्या महिन्याभरात गाड्यांमधून वालाच्या शेंगा आल्या, करंज्या आल्या, सुके बोंबील आले. बोंबील आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गाडी एका लग्नाच्या रुखवतासाठी जायची होती. तिन्ही दारं उघडून आम्ही सकाळभर गाडीत उदबत्त्या लावल्या.

सेठ वैतागले. म्हणाले, “मैं गाडी देता हूँ, सब्जी मंडी नहीं चलाता!” आणि त्यांनी बोर्ड रंगवून घेतला. ‘गाडी पूर्ण रिकामी करून परत करावी. हुकमावरून.’

बोर्ड लागल्यानंतर पहिल्या आल्या बदलापूरच्या सरलाकाकू. त्यांची रोपवाटिका आहे, बोलणं शिस्तीचं, वागणं त्याहून शिस्तीचं. गाडी उभी केली, बोर्ड वाचला, पदर खोचला आणि कामाला लागल्या. मला वाटलं झाडून घेत असतील. पंधरा मिनिटांनी माझ्या खिडकीसमोर ढीग. स्टेपनी, जॅक, पाना, पायाखालच्या मॅट, सीटचे कव्हर, आणि सगळ्यात वर रुमालावर ठेवलेला डॅशबोर्डवरचा गणपती!

“काकू, हे काय?”

“पूर्ण रिकामी करा म्हणालात. केली. बघून घ्या.”

मग पिशवीतून अळूच्या पानांची जुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

सेठ म्हणाले, “और ये? बोर्ड नहीं पढा?”

“पढा ना. ये गाडी में नहीं था. मेरे हाथ में था!”

स्टेपनी पुन्हा चढवायला दुपार गेली. त्याच संध्याकाळी सेठनी स्वतः स्टुलावर चढून बोर्ड उतरवला. अळूवडी मात्र दोन वेळा मागून घेतली.

*

उल्हासनगरच्या कॅम्प एकची ज्योती आमची सगळ्यात पक्की गिऱ्हाईक. ती आणि आठ बायका मिळून जीन्सचे खिसे शिवतात. कारखान्यातून कापलेले तुकडे आणायचे, शिवायचे, परत पोचवायचे. त्यासाठी दर सोमवार-मंगळवार तिला गाडी लागते, बाकीचे दिवस नाही. स्वतःची गाडी घेण्याएवढं काम नाही, आणि गाडी मिळाली नाही तर कारखानदार काम दुसऱ्याला देतो. त्या दोन दिवसांवर नऊ घरं चालतात, हे ती हसत हसत सांगते, पण सांगते.

तर ज्योतीने एकदा पाच नंबरच्या गाडीच्या सीटना नवे कव्हर घालून आणले. जीन्सच्या उरलेल्या तुकड्यांचे. सुंदर शिवण! पण ही माणसं खिसेवाली. एकेका सीटला अकरा खिसे! पुढे, मागे, बाजूला, खिशावर खिसा.

सेठ खुश झाले. आत बसून बघितलं, हात फिरवला, शाब्बासकी दिली. आणि संध्याकाळी चष्मा सापडेना, किल्ल्या सापडेनात, गोळ्यांची डबी सापडेना. आम्ही यार्ड पालथं घातलं. शेवटी ज्योतीला फोन लावला.

ती म्हणाली, “सेठ, तुम्ही डावखुरे ना? मग उजव्या सीटच्या डाव्या बाजूचा खालून तिसरा खिसा बघा.”

तिन्ही वस्तू तिथेच! रकान्यात मी ‘सीट कव्हर, २’ असं लिहिलं, आणि सेठनी त्याच्यापुढे स्वतःच्या हाताने ‘पॉकेट, २२’ असं लिहिलं.

*

आता कोंबड्याचं सांगते, कारण त्यात चूक माझी होती.

संतोष इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. गावाहून म्हाताऱ्या आईचं सामान आणायला त्याने गाडी नेली होती. परत आणली आणि मागचं दार उघडलं तर आत गावठी कोंबडा, पाय बांधलेला, तुरा ताठ! आईने पाठवला होता. नाही कसं म्हणणार? मी घाईत होते, रकान्यात लिहिलं, ‘कोंबडा, १, चालू स्थितीत.’ बारा वर्षं स्टेपनीपुढे तेच लिहितेय, हाताला सवय.

पण तोच कागद मी चुकून पुढच्या गिऱ्हाइकाला सहीला दिला. आणि पुढचं गिऱ्हाईक कोण, तर बँकेतून निवृत्त झालेले कुलकर्णीकाका! कागदावरचा स्वल्पविरामसुद्धा वाचून सही करणारा माणूस. सही केली, गाडीकडे गेले, परत आले.

“मॅडम, कोंबडा कुठाय?”

“अहो काका, ते चुकून...”

“चुकून कसं? मी ताब्यात घेतल्याची सही केलीय. गाडी परत देताना तुम्ही माझ्याकडून कोंबडा मागणार. मला तो आत्ता दिसला पाहिजे.”

आता दाखवायचा कुठून? कोंबडा तासाभरापूर्वी सेठच्या घरी रवाना झाला होता, आणि भाभींच्या हाताला काय चव आहे हे सगळ्या कॅम्पला माहीत. मी सेठकडे पाहिलं. सेठनी छताकडे पाहिलं.

“काका, वो कोंबडा आपको नहीं मिल सकता,” ते गंभीरपणे म्हणाले. “वो लाँग लीज पे गया है!”

कुलकर्णीकाकांनी पेन काढलं, कागदावर कोंबड्यापुढे ‘दीर्घ मुदतीवर’ असं लिहिलं, आद्याक्षरं केली, माझीही घेतली, आणि समाधानाने गाडी घेऊन गेले.

*

नाना गिरणीत विणकर होते. आमच्या आठांपैकी दोन गाड्यांना मागेही सीट आहेत, त्यातली एक ते दोन-तीन महिन्यांनी नेतात. नव्या वसाहतींमधल्या लोकांना आपलं गाव दाखवायचं त्यांना वेड आहे. गिरणीचं गेट, चिमणी, कामगारांच्या चाळी, मग शिवमंदिर. मंदिराच्या भिंतीवरच्या दगडी कोरीवकामापुढे उभे राहून सांगतात, “बघा, हजार वर्षांपूर्वीही आपल्याकडे बारीक काम करणारे हात होते. आम्ही काही पहिले नव्हे.”

टाइम ऑफिसात असताना मी या माणसाला किती वेळा लेटमार्क दिलाय! रोज दोन मिनिटं उशीर. दोनच, पण रोज. आता गाडी परत द्यायला येतात तेव्हा घड्याळ दाखवून विचारतात, “काय बाई, आज लावणार का लेटमार्क?”

एकदा त्यांनी गाडी आत घेतली आणि उतरलेच नाहीत. मी जवळ गेले. म्हणाले, “बाई, तुम्ही ऑफिसात होता, तुम्हाला कळणार नाही. ही गाडी जिथे उभी आहे ना, तिथे माझा माग होता. हा खांब, आणि इथून सहावा.”

मग उतरले आणि सीटवर धोटा ठेवला. मागात आडवा दोरा घेऊन पळतो तो लाकडी धोटा, हाताळून काळा गुळगुळीत झालेला. गिरणी बंद झाली त्या दिवशी त्यांनी तो डब्याच्या पिशवीतून घरी नेला होता.

“नाना, हा कशाला? हा राहू द्या तुमच्याकडे.”

“हाही परतच देतोय. इथूनच नेला होता. आणि सोबत हे घ्या, नुसता कसा देऊ?” असं म्हणून चार पेरू काढले!

मी हसत पेरू घेतले. गिरणी बंद झाली तेव्हा मला वाटलं होतं, ही सगळी माणसं आता पुन्हा दिसायची नाहीत. या खिडकीने ती मला एकेक करून परत दिली. याबद्दल मी कुणाचे आभार मानायचे, मला कळत नाही. मी रोज सगळ्यांचेच मानते.

*

अश्विनीचा किस्सा याच तीन आठवड्यांतला. मूळची साताऱ्याकडची पोर, नोकरी ठाण्याला, बदलापूरला नवीन घर घेतलं. सामान हलवायला एक दिवस गाडी नेली. संध्याकाळी परत दिली, झाडलेली, साफ. मी रकान्यात रेघ मारली आणि विसरले. बाहेरून आलेल्या पोरीला काय माहीत!

तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षातून उतरली, चेहरा पडलेला, हातात झाकलेली वाटी.

“ताई, सॉरी हां! शेजारच्या काकूंनी सांगितलं. मी गाडी रिकामी दिली. आमच्याकडे डबा रिकामा देत नाहीत, पण गाडीचं मला माहीतच नव्हतं ओ! काल रात्रभर डोक्यात तेच.”

वाटीत साखर होती. मी हात पुढे केला, तेवढ्यात आतून आवाज आला.

“अदी, थांबा. लेना नहीं!”

वाजले होते साडेनऊ. मला धडकीच भरली. पोरीचा चेहरा तर रडवेलाच झाला. सेठ काठी टेकत आले, खुंटीवरून तिने नेलेल्या गाडीची किल्ली काढली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि तिला म्हणाले, “बेटा, अंदर रखो.”

तिने वाटी आत ठेवली. सेठनी दार लावलं. एक मिनिट आम्ही तिघं यार्डात नुसते उभे. मग त्यांनी दार उघडलं, आत डोकावले, आणि मोठ्याने म्हणाले, “अदी, गाडी में साखर आई है. लिख लो!”

मी परवाचा कागद शोधला, रेघ खोडली आणि लिहिलं. सेठनी अश्विनीला खुर्ची दिली, पापड आणि पाणी मागवलं. सिंधी माणसाकडे कुणी आलं की आधी पापड-पाणी, मग बाकीचं. पोर पापड खाता खाता हसायला लागली.

त्या दिवशी मला वाटलं, सेठ सही करणार नाहीत. पण दुपारी त्यांच्या टेबलावर कराराचा कागद होता. ते गुडघ्याला तेल चोळत तो वाचत होते, आणि मुलाला फोनवर सांगत होते, “हां बेटा, सोमवार को कर देता हूँ.”

*

सोमवार आला. ज्योतीला मी आधीच सांगून ठेवलं होतं, आज बहुतेक शेवटचं. ती तरी आलीच, नेहमीच्या वेळेला. गेटपाशी गठ्ठे ठेवून उभी राहिली.  तिच्यासोबतच्या दोघी बायका गठ्ठ्यांवर बसल्या होत्या. बाकीच्या सात गाड्या बाहेर होत्या. कंपनीने नेलेली पाच नंबरची आली तरच तिला काही मिळणार, आणि ती आली की सेठ सही करणार!

अकराला मॅनेजरसाहेब आले, पाच नंबर घेऊन. तरुण, हसतमुख, वागायला अगदी चांगला माणूस, खोटं कशाला बोलू? गाडी धुऊन पुसून चकचकीत. आत वासाची बाटली मारलेली. एकही नवा ओरखडा नाही, डिझेल काट्याला काटा.

“सेठजी, बघून घ्या. आमची प्रोसेसच आहे, गाडी घेतली त्याहून चांगली परत करायची.”

सेठ उठले. कराराचा कागद टेबलावर होता, पेन त्यांच्या खिशाला. गुडघा धरत गाडीपाशी गेले. मागचं दार उघडलं. आत पाहिलं. आत एक दोराही नव्हता. दार लावून पुढे आले, ड्रायव्हरशेजारची सीट पाहिली. सीटच्या खाली पाहिलं. एकेका खिशात हात घालून पाहिला, बावीसच्या बावीस.

मॅनेजरसाहेब म्हणाले, “काही शोधताय का?”

“आप कुछ भूल तो नहीं गए, साब?”

“नो, नो! आमचा माणूस दोनदा चेक करतो. काहीही राहिलेलं नाही.”

“पक्का?”

“शंभर टक्के. एकदम रिकामी!”

सेठ माझ्या खिडकीपाशी आले. “अदी, लिखो.”

मी किलोमीटर लिहिले. डिझेल लिहिलं. ओरखडे, नाही. शेवटच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. “सेठ, इथे काय लिहू?”

“जो है, वो लिखो.”

मी रेघ मारली.

सेठनी चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. त्या रेघेवर बोट ठेवलं. मला वाटलं आता पेन काढतील. मी नजर गेटकडे वळवली. गेटपाशी ज्योती उभी होती, ती इकडे बघतही नव्हती.

“अदी,” सेठ म्हणाले, “साब के लिए पापड-पाणी.”

मी पापड आणला. मॅनेजरसाहेबांनी आनंदाने घेतला. सेठनी सही न केलेला करार साहेबांपुढे सरकवला, पाच नंबरची किल्ली उचलली, गेटकडे वळले आणि ओरडले, “ए ज्योती! वहाँ क्या खडी है? कितने दिन के लिए चाहिए?”

“दोनच दिवस, सेठ!”

“तो ले जा ना! कारखाना वाट बघतोय!”

किल्ली हवेतून गेली. ज्योतीने ती दोन्ही हातांनी झेलली, आणि तिघी बायका पटापट गठ्ठे गाडीत टाकायला लागल्या.

मॅनेजरसाहेब पापड हातात तसाच धरून कधी सेठकडे, कधी माझ्याकडे बघत होते. “एक मिनिट, एक मिनिट! म्हणजे... गाडीत काही प्रॉब्लेम निघाला का?”